पंगत आणि पंक्तिप्रपंच

मराठी भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा एक शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्या दोघांस वेगवेगळ्या मापाने वाढणे, एकाच्या भातावर तुपाची धार धरणे आणि शेजाऱ्याच्या भातावर थेंब टाकून पुढे जाणे, या वर्तनास आपल्या पूर्वजांनी हे नाव दिले. पुढे हा शब्द माजघरातून बाहेर पडला आणि घरी, शाळेत, कचेरीत, जेथे जेथे पक्षपात दिसेल तेथे तेथे योजिला जाऊ लागला. ज्या समाजाने पक्षपाताला नाव देताना जेवणाचे पान डोळ्यांपुढे ठेवले, त्या समाजात वाढण्याच्या रीतीला केवढे महत्त्व होते हे निराळे सांगावयास नको.

परंतु त्याच 'पंक्ति' शब्दापासून आपल्याकडे आणखी एक शब्द आला आहे, तो म्हणजे 'अपांक्तेय'. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीस कोणी बसावे व कोणी बसू नये याची लांबलचक गणना आहे. ज्याच्या केवळ उपस्थितीने पंक्ती शुद्ध होते तो पंक्तिपावन आणि ज्याच्यामुळे ती बिघडते तो अपांक्तेय. एका शब्दाने पंगतीच्या आतील अन्याय निंद्य ठरविला, दुसऱ्याने पंगतीच्या बाहेरचा अन्याय शास्त्रोक्त केला. महाराष्ट्रातील सहभोजनाचा इतिहास या दोन शब्दांच्या ओढाताणीचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम पंगतीच्या आतील व्यवस्था पाहू, कारण ती खरोखर वाखाणण्यासारखी होती. कोकणात केळीचे पान, घाटावर बहुधा पळसाच्या पानांची पत्रावळ आणि पातळ पदार्थांसाठी द्रोण. बसावयास पाट, डाव्या हाताशी तांब्या-भांडे, पानाभोवती रांगोळी आणि दोन पानांच्या मध्ये उदबत्ती. पानावर सर्वांत आधी मीठ यावयाचे, तेही वरच्या कडेला मध्यभागी. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे आणि उजवीकडे भाज्या. डाव्या बाजूचे पदार्थ चवीपुरते घ्यावयाचे आणि उजव्या बाजूचे पोटभर खावयाचे, हा भेद लहान मुलालाही पानाकडे पाहताच कळत असे. मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण आणि त्यावर तूप. हे अन्नशुद्धीचे तूप शेवटच्या पानापर्यंत पोहोचल्याखेरीज पहिल्या पानावरच्या माणसाने घास उचलावयाचा नाही. मग चित्राहुती, आपोशन, समर्थ रामदासांच्या नावे प्रसिद्ध असलेला श्लोक, हर हर महादेवाचा गजर आणि यजमानांचे हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणणे.

या साऱ्या उपचारांत आजच्या वाचकास कर्मठपणा दिसेल. थोडा होताही. तथापि त्यांच्या मुळाशी असलेली सामाजिक कल्पना ध्यानात घेण्याजोगी आहे. पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. ज्याचे जेवण आधी झाले त्याने हात वाळत ठेवून शेजाऱ्याची वाट पाहावयाची असते. वाढप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि मधल्या कोणाला गाळता येत नाही. वरणभात, मग मसालेभात, मग पुरणपोळी किंवा जिलबी आणि शेवटी ताकभात हा क्रम सावकार व कारकून दोघांसही सारखाच. घरात मान कोणाला आहे हे पंगतीत कोणाचे पान अग्रभागी मांडले यावरून कळे, पण कोणाच्या पानावर काय पडले यावरून ते कळू नये, असा दंडक होता. दंडक होता याचा अर्थ तो नेहमी पाळला जात असे असे नव्हे. तो वारंवार मोडला जात होता म्हणूनच तर पंक्तिप्रपंच हा शब्द जन्माला आला!

आग्रह हा या व्यवस्थेचा दुसरा खांब. पाहुण्याने 'पुरे' म्हणावे, पानावर आडवा हात धरावा आणि यजमानाने त्या हाताला वळसा घालून जिलबी टाकावी, हा खेळ दोघांनाही ठाऊक असलेल्या नियमांनी चाले. परदेशी लोकांस तो अनाकलनीय वाटतो. ज्या घरी उद्याच्या तांदळाची विवंचना आहे त्या घरच्या माणसालाही आपण उदार आहोत असे चार घटका भासविण्याची आणि पाहुण्यालाही भूक लपवून मग ती फेडून घेण्याची सोय या खेळात होती. दारिद्र्याची लाज राखणारी ही युक्ती होती. पानात अन्न टाकण्याची जी सवय तिच्यापायी लागली तिचे समर्थन मात्र कोणी करू नये.

ही रीत किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोग नावाचे प्रकरण आहे. त्यात आपले मांडे आहेत, वडे आहेत आणि राजाने कोणाच्या समवेत कसे भोजन करावे याचाही विचार आहे. ते झाले राजवाड्याचे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. रामदासांच्या परिवाराशी संबंध असलेला हा पंडित पुढे तंजावरास व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथकाराचा परामर्श घेतला आहे. स्वदेशापासून दूर, तमिळ मुलखात बसून एका मराठी माणसाने अन्नावर ग्रंथ लिहावा, ही गोष्ट परदेशस्थ मराठी माणसाला निराळ्या अर्थाने जवळची वाटेल. घर सुटले की स्वयंपाक आठवतो.

पण ज्या काळी पंडित पंक्तीचे नियम लिहीत होते त्याच्या कितीतरी आधी ते मोडणारेही महाराष्ट्रात होऊन गेले होते. महानुभावांच्या 'ऋद्धिपूरचरित्रा'त गोविंदप्रभू अस्पृश्य मानलेल्यांच्या घरांत निःशंक वावरताना आणि त्यांच्या हातचे अन्न सेवन करताना दिसतात. तो तेराव्या शतकाचा काळ आहे. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धासाठी शिजविलेले अन्न दारच्या अस्पृश्यांना वाढले आणि त्यामुळे ब्रह्मवृंद रुष्ट झाला, ही कथा महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'मुळे घरोघर पोहोचली. कथेतील चमत्कार बाजूस ठेवले तरी एक प्रश्न उरतो. ही कथा शतकानुशतके ज्या लोकांनी डोळ्यांत पाणी आणून ऐकली, तेच लोक कीर्तन संपल्यावर घरी जाऊन निरनिराळ्या पंगतींत कसे बसत होते? संतांचे चरित्र ऐकावयाचे आणि आचरण शास्त्रींचे ठेवावयाचे, ही विभागणी आपल्या समाजाने फार कौशल्याने सांभाळली.

याहून मोठे आश्चर्य पदार्थांचे. माणसांच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला हा समाज जिनसांच्या बाबतीत मात्र अत्यंत उदार निघाला. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या हातून आली आणि तिच्यावाचून आपली चटणी होईना. बटाटा तिकडचाच आणि त्याचे नावही पोर्तुगीज. भुईमूग व रताळेही मूळचे अमेरिकेचे. ज्या कंदापासून आपल्याकडील साबुदाणा करतात तो कंदही तिकडचाच. एकादशीला सोवळ्यात शिजविलेली साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा, दाण्याचे कूट, बटाटा, मिरची! तूप, जिरे आणि मीठ सोडले तर त्या पवित्र फराळात समुद्रापलीकडून न आलेले असे काय उरते? समुद्रोल्लंघन केलेल्या माणसाला प्रायश्चित्त होते, समुद्रोल्लंघन केलेल्या बटाट्याला नव्हते. पदार्थ कोठून आला हे कोणी विचारले नाही. तो कोणी शिजविला आणि कोणाच्या शेजारी बसून खाल्ला, एवढेच विचारले गेले.

म्हणूनच महाराष्ट्रातील सामाजिक सुधारणेची पहिली मोठी धाडसे व्यासपीठावर झाली नाहीत. ती पावाच्या तुकड्यावर आणि चहाच्या पेल्यावर झाली. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा स्थापन झाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिच्या प्रवर्तकांपैकी एक होत. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने जातिभेद मानत नसल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा आणि नंतर सर्वांनी एकत्र भोजन करावयाचे, अशी तिची रीत होती. हे सारे अर्थात गुप्तपणे. १८६० साली सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे उघड होण्याची भीती पडली आणि सभा विसकटली. विद्वान, सुशिक्षित, सरकारी नोकरीतील माणसे, पण पावाचा एक तुकडा खाल्ल्याचे उघडकीस येईल या धास्तीने ती पांगली. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. जातीने वाळीत टाकले की मुलीचे लग्न अडते आणि घरातील प्रेताला खांदेकरी मिळत नाहीत, हे ज्याने पाहिलेले नाही त्याने तो शब्द जपून वापरावा.

त्यानंतर तीस वर्षांनी पुण्यास जे प्रकरण घडले ते पंचहौद मिशनचे चहाप्रकरण म्हणून प्रसिद्ध आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी त्या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातील बऱ्याच प्रतिष्ठित मंडळींस आमंत्रण होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. समारंभ आटोपल्यावर चहा व बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता प्याला हाती धरून खाली ठेवला. या सर्व मंडळींची नावे गोपाळराव जोशी यांनी 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध केली आणि शहरात वणवा पेटला. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. स्वतःच्या पापाची खात्री पटली म्हणून त्यांनी ते घेतले नाही. त्यांच्याबरोबर बहिष्कृत झालेल्या मित्रांच्या घरची माणसे रडकुंडीस आली होती म्हणून घेतले. सुधारकांनी त्यांना दोष दिला, सनातन्यांनी विजय मानला. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हे प्रकरण घरातील माणसाच्या दृष्टीने सांगितले आहे आणि ते मुळातूनच वाचावे.

या प्रकरणात मौजेची, किंबहुना खेदाची गोष्ट अशी की नावे छापणारे गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचेच पती. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेस आल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. पुढे फिलाडेल्फियास शिकून १८८६ साली त्या वैद्यकीय पदवीधर झाल्या. परक्या देशातील हिवाळ्यात त्यांनी आपला शाकाहार आणि आपले लुगडे सोडले नाही. ख्रिस्ती कुटुंबाच्या मायेत राहून आपल्या आचाराने जेवता येते हे त्यांनी पुण्याच्या ग्रामण्याच्या सात वर्षे आधी दाखविले होते. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे देहावसान झाले. पंचहौदचा धुरळा पाहावयास त्या राहिल्या नाहीत.

रानड्यांनी ग्रामण्य सोसले ते चारचौघांत. लक्ष्मीबाई टिळकांनी तोच झगडा स्वयंपाकघरात एकटीने सोसला. १८९५ साली पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे पतीकडे परत आल्यावरही बाईंनी आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवली. मग विचार करता करता, माणसे देवाने केली आणि जाती माणसांनी केल्या, अशा निर्णयास त्या आल्या आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्न घेण्याचे ठरविले. 'स्मृतिचित्रां'त त्यांनी हे ज्या सहजतेने सांगितले आहे ती सहजता आपल्या वैचारिक वाङ्मयात क्वचितच आढळते. शास्त्री नाही, चौकशी नाही, वर्तमानपत्र नाही. एका बाईने आपल्या मनाशी पंगत मोठी केली, एवढेच.

आणि ज्यांना पंगतीत जागाच नव्हती त्यांचे काय? महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानी शाहू छत्रपती मुद्दाम गाडी थांबवून चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. राजाने प्याला उचलल्यावर दरबाऱ्याला नाही म्हणणे कठीण होते. महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर जमावाने परिषदेच्या मंडपावर हल्ला केला आणि तेथील अन्न मातीत मिसळले. हल्ला करणाऱ्यांनी कागदपत्रे फाडली असती तर ते समजण्यासारखे होते. त्यांनी अन्नाची नासाडी केली, यात सारे आले. रत्नागिरीस सावरकरांनी सहभोजने घडविली आणि १९३३ साली सर्व जातींसाठी उपहारगृह काढले.

कायद्याने १९५० च्या राज्यघटनेत अस्पृश्यता नष्ट केली. परंतु शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' हे १९८४ सालचे आत्मकथन शाळेच्या सहलीपासून सुरू होते. सवर्णांची मुले एका बाजूस जेवतात, महारांची मुले दुसऱ्या बाजूस, आणि उरलेले उष्टे त्यांच्याकडे येते. ती मुले ते भुकेने खातात. शाळेच्या सहलीत पंगतीचे सर्व नियम पाळले गेले होते, फक्त पंगती दोन होत्या.

पाकशास्त्राची पुस्तकेही या दृष्टीने पाहिली पाहिजेत, कारण तीही एक प्रकारची पंगतच आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली. 'रुचिरे'ने शेर-मासे-तोळे बाजूस सारून वाटीचे माप घेतले आणि आईपासून दूर संसार मांडणाऱ्या हजारो मुलींचा हात धरला. परदेशी जाणाऱ्या कितीएक नववधूंच्या पेटीत ते पुस्तक होते, हे येथील अनेक भगिनी सांगतील. मराठवाड्यातील महार व मांग घरांतील रांधण्याची नोंद करणारे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मात्र २०१५ पर्यंत यावयाचे राहिले होते. शीर्षकातील त्या एका 'अ'काराने बरेच काही सांगितले आहे.

एका पंगतीबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले आहे, ती म्हणजे शेवटची. पुरुष जेवून उठले, मुले झोपी गेली, खरकटे निघाले, शेणगोळा फिरला, की मग बायका बसावयाच्या. आमटी पातळ झालेली, भाजी तळाशी गेलेली, पुरणपोळी असली तर असली. पुष्कळ घरी पत्नीने पतीच्याच उष्ट्या पानावर जेवावयाचे असे. केशवपन केलेल्या विधवेच्या हातचे सोवळ्यातील अन्न सर्वांत शुद्ध म्हणून वाखाणले जाई, पण सवाष्णींच्या पंगतीत तिला पान नव्हते. ज्या हातांनी पंगत उभी केली ते हातच अपांक्तेय! वाढताना दोन पानांत भेद करणे जर पंक्तिप्रपंच, तर याला काय म्हणावे? या प्रकाराला आपल्या भाषेने शब्दही दिला नाही, कारण त्यात कोणास काही वावगे वाटले नसावे. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना डबे पुरवून खाणावळी चालविणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेव्हा कोठे या रांधणाऱ्या हातांच्या श्रमाचा पैशात हिशेब मांडला जाऊ लागला.

पंगत आपल्याबरोबर समुद्रापार आली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले. अमेरिकेत १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर मराठी कुटुंबे येऊ लागली आणि शिकागोचे मंडळ १९६९ साली निघाले. कोकणातून इस्राएलास गेलेल्या बेने इस्राएल मराठी यहुदी बांधवांनी पोहे, खोबरे व फळे घालून केलेला मलिदा तेथेही एकत्र बसून वाटण्याची चाल राखली आहे. येथे येणाऱ्यांनी केळीचे पान आणले नाही, पाट आणले नाहीत आणि पहिल्याच हिवाळ्यात सोवळेही उरले नाही. शेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची सोय नव्हती. दहा मैलांच्या परिसरात मराठी बोलणारी चार घरे असली की त्यांची जात पाहणाऱ्यास एकट्यानेच जेवावे लागले असते. ज्या गोष्टीसाठी परमहंस सभेस गुप्तता राखावी लागली ती येथे थंडीने आणि एकाकीपणाने विनासायास घडविली. हे श्रेय आपण आपल्या उदारमतवादास देऊ नये. आमच्या मंडळाचा गणेशोत्सव अनेक वर्षे एका चर्चच्या तळघरातील सभागृहात होत असे. प्रसादाची खिरापत आणि चहा तेथेच होई. पंचहौदची आठवण तेव्हा कोणाला झाली नाही, हे बरेच झाले.

पण शेवटची पंगत मात्र पेटीत घालून कोणीतरी बरोबर आणली होती. मंडळाच्या जुन्या वार्षिक भोजनांत पुरुष खुर्च्या लावीत, भाषणे करीत आणि आधी जेवीत. भगिनी मुदपाकखान्यात उभ्या राहून गार झालेला मसालेभात खात. काही वर्षांपूर्वी कार्यकारिणीने असे ठरविले की पहिली पंगत रांधणाऱ्यांची बसेल आणि वाढप पुरुष करतील. कुरकुर झाली, वयोवृद्ध मंडळींना ते अवमानकारक वाटले, एका गृहस्थांनी शास्त्राधारही विचारला. तथापि पंगत बसली. कागदी पाने मांडली, उदबत्त्या लागल्या, वाढपी कंबर कसून निघाले. वरण आले, भात आला, तूप आले, चटणी उजवीकडे पडली आणि भाजी डावीकडे. सर्व बायका घास न उचलता शांत बसून होत्या. पाच मिनिटांनी कोणीतरी हळूच सांगितले की मीठ अजून वाढलेले नाही.